बोनसचे मणके

आमच्या कॉलनीत प्रवासवर्णन लिहायचं तर माणूस निदान विमानात बसलेला असावा लागतो. शेजारचे भूगोलाचे सर स्वित्झर्लंडला सहा दिवस जाऊन आले आणि त्यावर त्यांनी आम्हाला सहा महिने बर्फ खाऊ घातला. मी मे महिन्याच्या सुट्टीत उदगीरहून चाकणकडे गेलो होतो आणि तेही डुकरांचे मणके मोजायला, हे कळल्यावर ते म्हणाले, "त्यात वर्णन करण्यासारखं काय आहे?" तेव्हाच ठरवलं की लिहायचंच. जे तिकडे गेले नाहीत त्यांच्यासाठी, आणि मुख्यतः भूगोलाच्या सरांसाठी.

आता डुकरांचे मणके का, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मध्येच विचारणार नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पीएचडी करतोय, कारण न करणाऱ्यांना आमच्याकडे माणसात धरत नाहीत. विषय असा की माणूस घ्या, उंदीर घ्या, जिराफ घ्या, मानेत मणके सातच. निसर्गानं तिथं कुणाचे लाड केलेले नाहीत. डुकराच्याही मानेत सातच. पण मानेच्या खाली, छातीचे आणि कमरेचे मिळून, डुकरात आकडा हलतो. रानडुकरात एकोणीस, आपल्या गावठीत त्याच्या आसपास, आणि माणसानं मांसासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून लांब केलेल्या विलायती जातींत एकवीस, बावीस, क्वचित तेवीससुद्धा. दोन-चार जनुकांची कुठली रूपं आई-बापाकडून आली त्यावर हे बरंचसं ठरतं. मणका वाढला की पाठ लांबते, कधी बरगडीची एक जोडीही वाढते. माझ्या गाईडनं वर्षभर पुस्तकातले आकडे पाहून घेतले आणि मग एक दिवस विचारलं, "तुम्ही डुक्कर कधी जवळून पाहिलंय का हो?" मी त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

मंगळवार, चिंचवड

स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. मॅनेजरनं रजिस्टर पुढे ओढत विचारलं, "कंपनी?" इकडे माणसाचं नाव नंतर, आधी कंपनी. मी म्हणालो, कंपनी नाही, डुकरांची मोजणी करायला आलोय. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि येण्याच्या कारणापुढे लिहिलं, 'ऑडिट'. मी असेपर्यंत तो मला अदबीनं गरम पाणी देत होता.

संध्याकाळी काळेवाडीहून संतोष आला. हा माझा जुना विद्यार्थी, उदगीरचाच. प्राणिशास्त्रात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा माझ्या कृपेनं सुटला. इथं येऊन त्यानं धातूच्या भागांचे एक्स-रे काढून तपासायचा कोर्स केला आणि अकरा वर्षं तेच काम करतोय. ओतीव भागाच्या पोटात कुठे हवेचा बुडबुडा राहिलाय का, चीर आहे का, हे फोटोत बघायचं आणि स्टिकर लावायचा: ओके किंवा रिजेक्ट. मुलगी त्यानं निघोज्याची केली. त्याची सासू विमलताई डुकरं पाळते, म्हणून मला इकडे यायला सुचलं होतं.

"सर, मामीला तुमचं सगळं सांगितलंय," तो म्हणाला. सासूला तो मामी म्हणतो. "फक्त एक करा, तिच्यासमोर तिच्या डुकरांना गावठी म्हणू नका. लई लागतं तिला."

काळेवाडीत त्याच्या घरी जेवलो. गल्लीत उतरलो तर निलंग्याचा एक, अहमदपूरचा एक, औशाचे दोघे भेटले. उदगीरला ज्यांची गाठ वर्षातून एकदा लग्नात पडते, ते इथं एका नळावर भांडत होते. आमच्याकडे वेळ विचारली तर माणूस सांगतो साडेतीन. इथं सांगतात, फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला. मला पहिले दोन दिवस सगळीकडे पोचायला उशीर झाला तो त्यामुळेच.

बुधवार, निघोजे

रस्त्यातल्या ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा विश्वास बसणार नाही.

एका मोठ्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याच्या चार शेड. भिंतीच्या पलीकडे यंत्रं गाड्यांना रंग देतात म्हणे. अलीकडे विमलताई पाइपनं डुकरांना आंघोळ घालत होती. साठीची बाई, काटक, पायात पुरुषांचे काळे सेफ्टी बूट. मी नमस्कार केला.

"तुमीच का ते मणक्याचं सर?"

"हो."

"मंग आदी च्या घ्या. मणकं कुटं पळून चाललं न्हाईत."

चहा झाला. एवढी चकचकीत डुकरं मी पाहिली नव्हती. मी विचारलं, खायला काय देता? तर आसपासच्या कंपन्यांच्या कँटीनमधलं उरलेलं सगळं इथं येतं. सोमवारी पुलाव, बुधवारी गोड, शुक्रवारी पनीर. माझ्या डोळ्यादेखत एका मादीनं गुलाबजामचा अख्खा डबा संपवला. मात्र इकडच्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी कँटीन बंद, म्हणून डुकरांना नुसता कोंडा आणि पाणी.

"समद्यांचा गुरुवार कडक असतो," विमलताई म्हणाली. "आमच्या हितं माणसं बी येवढं पाळत न्हाईत."

मग तिनं मला तिचं मोजमाप दाखवलं. शेडच्या खुंटीला एक सुतळी टांगलेली. दर वेतातली पिल्लं दोन महिन्यांची होऊन आईपासून सुटी केली की त्या दिवशी ती प्रत्येकाच्या दोन कानांच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत ही सुतळी लावते. सगळ्यात लांब निघेल ते ठेवायचं, बाकीची विकायची. ठेवलेल्याच्या लांबीला एक गाठ. सव्वीस वर्षं झाली. सासूकडून मिळालेल्या दोन काळ्या माद्या आणि कुठून तरी आणलेला एक पांढरा विलायती नर, एवढ्यावर सुरुवात. पहिली गाठ आणि शेवटची गाठ यांच्यात माझी एक वीत आणि वर चार बोटं बसली. हिनं जनुक हा शब्द ऐकलेला नाही आणि हिच्या सुतळीत माझ्या प्रबंधापेक्षा जास्त शास्त्र आहे, हे मला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. मोठ्यानं मी म्हणालो, "छान आहे."

"मला एक सांगा," ती म्हणाली. "मणकं वाढलं म्हंजी डुक्कर मोटं व्हतं का?"

"लांब होतं. मोठं होईलच असं नाही. मणके तेवढेच राहून एकेक मणका लांब झाला तरी जनावर लांब होतं. जिराफाचे सातच असतात, पण एकेक वीतभर."

"मंग मोजायचं कशापायी? लांबी दिसतीच की डोळ्यानं."

"तुम्हाला दिसते. शास्त्राला मोजावं लागतं."

"शास्त्राला डोळं न्हाईत व्हय?" असं म्हणून ती हसली आणि मला शेवटच्या शेडकडे घेऊन गेली.

तिथं बोनस होता. वेतात अकरावा, शेवटी आला, कुणी धरलाच नव्हता; त्यातून दिवस दिवाळीचे. म्हणून बोनस. साडेसहा महिन्यांचा नर, फिकट गुलाबी, पाठीवर काळे ठिपके, आणि इतका लांब की तो वळायला लागला की पुढचा भाग आधी वळायचा आणि मागचा थोडा विचार करून. विमलताईनं कान खाजवल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. सुतळीवरची शेवटची गाठ त्याची होती.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. बोनस तिच्या घरी राहू शकत नव्हता. तिच्या सगळ्या माद्या त्याच्या बहिणी, नाहीतर मावश्या. त्यांच्यावर त्याला सोडला तर पिल्लं मरतुकडी निघणार, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो दुसऱ्याच्या कळपात नर म्हणून गेला तरच त्याचं रक्त पुढे चालणार. जुन्नरकडच्या डुकरं पाळणाऱ्यांच्या एका गटाला असा नर हवा होता. त्यांचा दत्तोबा रविवारी बघायला येणार होता. पण त्या लोकांनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता आणि त्यात सांगितलं होतं की नर घ्यायचा तर बावीस मणक्यांचा घ्या. आता त्यांना बावीसच हवे होते.

"आन न्हाई घेतला तर?" मी विचारलं. दोन दिवसांत मीही 'आन' म्हणायला लागलो होतो.

"तर सोमवारी खाटीक. दुसरं कोन नर घेतंय? बाकी समदी मटणाची गिऱ्हाइकं." तिनं बोनसच्या पाठीवरून हात फिरवला. "सर, माज्या सव्वीस वर्सांचा ह्यो येक नर हाय. तुमी नीट मोजा."

गुरुवार, एमआयडीसी

माझा बेत खाटकाकडे जाऊन मोजायचा होता. जिवंत डुकराचे मणके बाहेरून मोजता येत नाहीत, एक्स-रे लागतो. संतोष आदल्या रात्री म्हणाला, "सर, उद्या सुट्टीच आहे. आमची खोली रिकामी असते." त्याच्या शेठनं परवानगी दिली, पण डुक्कर मशीनवर घाण करणार नाही अशी माझ्याकडून लेखी हमी घेतली. बोनसच्या वतीनं मी सही केली.

टेम्पोतून निघालो, विमलताईही बरोबर. वजनही हवं होतं, म्हणून वाटेत ट्रकांच्या काट्यावर गेलो. काट्यावरच्या माणसाला कॉम्प्युटरमध्ये मालाचं नाव भरल्याशिवाय पावती काढता येईना. यादीत डुक्कर नव्हतं. बराच विचार करून त्यानं 'कच्चा माल' निवडलं. टेम्पो भरलेला तोलला, मग बोनसला खाली उतरवून रिकामा तोलला. बोनसचं वजन एकशेनव्वद किलो निघालं. मी वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. जनावरांचे डॉक्टर बोनसला भुलीचं इंजेक्शन द्यायला आले होते, ते म्हणाले, "सर, पहिल्या वेळी तुम्ही टेम्पोत बसला होता." होतो खरा. ऐंशी किलोचा मी वजा केल्यावर बोनस एकशेदहाचा उरला. विमलताई तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत होती.

इंजेक्शननं बोनस झोपला. त्याला लाकडी पॅलेटवर ठेवून फोर्कलिफ्टनं खोलीत नेलं. संतोषनं तेवढ्यात हातमोजे घातले आणि अगदी गंभीर होऊन विचारलं, "सर, ड्रॉइंग कुठंय?"

"कशाचं?"

"डुकराचं. किती पाहिजेत, टॉलरन्स किती, म्हणजे कमी-जास्त किती चालेल, ते नको का?"

मी त्याला सांगितलं की बाबा, जिवंत गोष्टीला ड्रॉइंग नसतं. एका वेतातल्या अकरा पिल्लांत कुणाला वीस, कुणाला एकवीस, कुणाला बावीस असू शकतात. प्रत्येकाला आई-बापाकडून जनुकांचा वेगळा वाटा मिळतो.

"एक बॅच, एक मटेरियल, आणि तीन साइज?" तो म्हणाला. "आमच्याकडं असं झालं तर लाइन बंद करतात सर."

मी मनात म्हणालो, हा दोनदा नापास झाला ते बरोबरच होतं.

बोनस एका फोटोत मावेना. संतोषनं तीन फोटो काढले, पुढचा, मधला, मागचा. फिल्म धुऊन उजेडाच्या पेटीवर लावल्या. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. मानेचे सात सोडून मोजायचे होते. पहिल्या फोटोत सात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सात. संतोषनं मोजले, मग मी मोजले. बावीस! विमलताईला वाचता येत नाही, पण आकडा ऐकल्याबरोबर तिनं जावयाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर कडाकडा मोडली. संतोषनं एक हिरवा स्टिकर घेतला, 'ओके' लिहिलं, खाली सही केली आणि झोपलेल्या बोनसच्या कुल्ल्यावर चिकटवला.

चाकणला पेढे घेतले. दत्तोबाला तिथूनच फोन गेला. कँटीनची सुट्टी असून त्या गुरुवारी सगळ्या डुकरांना विमलताईनं गूळ घालून कोंडा दिला.

शनिवार, काळेवाडी

शुक्रवारी मी निघोज्यात बाकीची डुकरं सुतळीनं मोजली, उन्हानं पोळलो आणि मिसळ खाऊन पोट बिघडवून घेतलं. आमच्या उदगीरला तिखट खातात असा माझा अभिमान होता, तो उतरला.

शनिवारी सकाळी संतोषच्या घरी बसून प्रबंधासाठी आकृती काढायला घेतली. फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवल्या. पहिल्या फोटोतल्या शेवटच्या मणक्याच्या वरच्या टोकाला एक बारीक गाठ होती. कधी तरी दुसऱ्या डुकरानं धडक दिली असेल. ती मी हौसेनं काढली. मग दुसरा फोटो काढायला घेतला तर त्यातल्या पहिल्या मणक्याच्या टोकालाही गाठ. तस्सीच, त्याच जागी, त्याच आकाराची. मी दोन्ही फिल्म एकमेकींवर ठेवल्या. मणका मणक्यावर बरोब्बर बसला. एकच मणका दोन्ही फोटोंत आला होता आणि आम्ही तो दोनदा मोजला होता; दुसऱ्या-तिसऱ्या फोटोंच्या कडेला तशी चूक नव्हती.

एकवीस.

संतोष अंघोळ करून आला. "काय बघायलात सर?" मी दाखवलं. त्याचा चेहरा पडला. तो खुर्चीवर बसला आणि मग हळूहळू समजावून सांगायला लागला, मला नव्हे, स्वतःलाच. भाग मोठा असला की दोन फोटोंच्या कडा एकमेकींवर चढवायच्याच, हा त्यांचा नियम. एखादा दोष दोन्हीकडे दिसला तर दिसू दे, मधल्या फटीत सुटता कामा नये. दोनदा दिसणं यात चूक नाही, उलट तीच खबरदारी. अकरा वर्षांत त्यानं कधी काही मोजलं नव्हतं, फक्त शोधलं होतं. मला मात्र मोजायचाच पगार मिळतो आणि मीही त्याच्या खांद्यावरून वाकून 'बावीस' म्हणालो होतो.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. मी म्हणालो, "संतोष, हे अजून तू आणि मीच पाहिलंय." पुढे काही म्हणालो नाही, पण त्याला कळलं. मला वर्गात प्रामाणिकपणावर पाऊण तास बोलता येतं. पण त्या क्षणी मला बोनसचे मिटलेले डोळे आठवत होते आणि एका मणक्यानं असं काय मोठं बिघडतंय, असंच वाटत होतं.

"सर, माझा स्टिकर लागलाय त्याच्यावर," तो म्हणाला. "चुकीचा पीस पास झाला तर परत बोलवावा लागतो."

"तुझ्या सासूचं जनावर आहे ते."

"म्हणूनच म्हणलो. उद्या जुन्नरवाल्यानं दुसरीकडं मोजून घेतला तर मामीला खोटी म्हणतील."

त्यानं तिथूनच फोन लावला. स्पीकर चालू होता. त्यानं सगळं सांगितलं, कडा कशा चढवतात तेसुद्धा. पलीकडून मागे डुकरांचा आवाज येत होता.

"जावई म्हंजी दहावा ग्रह म्हणत्यात त्ये खोटं न्हाई," विमलताई शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "दत्तोबाला फोनवर नगा सांगू. जनावर बगू द्या त्याला. मंग तोंडावर सांगा."

रविवार, निघोजे

दत्तोबा सकाळी दहालाच आला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, कमी बोलणारा. त्यानं बोनसला चालवून पाहिलं, पाय पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. आंघोळ घातलेला बोनस विमलताईच्या मागे मागे शेडभर फिरत होता. दत्तोबाला जनावर आवडलं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मग संतोषनं सांगितलं. खाली मान घालून, पण स्पष्ट. बावीस नाहीत, एकवीस आहेत, चूक माझी.

दत्तोबानं टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, "जावईबापू, सांगितलंत त्ये बरं केलंत. आमाला बावीस पायजे हुतं. पण जनावर बेस हाय." तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी शिकलेले. तुमी सांगा. ह्याच्या पोटची पिल्लं लांब निघतील का? तुमी शबूद द्या, आमी घेऊन जातो."

एवढंच विचारलं त्यानं. विमलताई माझ्याकडे बघत होती. संतोष बघत होता.

आणि मी शिकवायला लागलो. मी सांगितलं की एकवीस मणक्यांच्या नराकडे लांबीच्या जनुकाचं एक रूप मोठं आणि एक साधं असू शकतं. तसं असलं तर त्याच्या साधारण निम्म्या पिल्लांना मोठं रूप मिळेल. पण तसं आहेच असं एक्स-रेवरून म्हणता येत नाही, त्याला रक्त तपासावं लागेल. शिवाय मादीकडून काय येतं तेही पाहावं लागेल. शिवाय जनुक एकच नाही. शिवाय खाणंपिणं आहे. बोलता बोलता मी जमिनीवर काडीनं चौकोन काढून दाखवले.

"म्हंजी निम्मी," दत्तोबा म्हणाला.

"निम्मी होण्याची शक्यता."

"म्हंजी निम्मीची बी ग्यारंटी न्हाई."

"शास्त्रात तशी गॅरंटी कुणी..."

"बरं," तो म्हणाला. त्यानं विमलताईला हात जोडले. "ताई, राग मानू नका. गटाची माणसं मला विचारणार, सर काय म्हणालं. काय सांगू त्यास्नी?" चहा घेतला, बोनसच्या पाठीवर पुन्हा एकदा थाप मारली आणि तो गेला.

मी जमिनीवरचे चौकोन चपलेनं पुसले.

"सर," विमलताई म्हणाली, "तुमी नुसतं व्हय म्हणायचं."

"ताई, ते खरं ठरलं नसतं तर?"

"खोटं तरी कुटं हुतं? सव्वीस वर्सं लांबच निगाली की. सुतळी हितंच टांगलीया."

सुतळी! सव्वीस वर्षांच्या गाठी माझ्यापासून चार हातांवर टांगलेल्या होत्या. सलग इतकी वेतं लांब होत गेली, याहून मोठा पुरावा कुठल्या एक्स-रेनं दिला नसता. दत्तोबाला ती नुसती दाखवली असती तरी पुरलं असतं. बुधवारी ती पाहून मी मनात थक्क झालो होतो, आणि रविवारी वेळ आली तेव्हा मला ती आठवलीही नाही. मला फार लाज वाटली. मी दत्तोबाच्या मागे धावलो, रस्त्यापर्यंत गेलो, पण त्याची गाडी केव्हाच गर्दीत शिरली होती. संतोषकडून नंबर घेऊन फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "सर, आता तुमी दुसरंच सांगताय." मी फोन ठेवला.

मी विमलताईला म्हणालो, चार दिवस थांबा, मी दुसरं गिऱ्हाईक शोधतो. ती म्हणाली, बोनस माजावर आलाय, काल रात्री त्यानं कुंपण तोडलं, अजून चार दिवसांत तो बहिणींत शिरणार. मग सगळ्याच कळपाची माती. "माजी समदी डुकरं त्याच्यापायी घालवू व्हय?"

सोमवार, निघोजे

सकाळी खाटकाकडे मी गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, पण विमलताईच म्हणाली, "तुमी त्याच्यासाठीच आला ना? जावा." संतोषनं फर्स्ट शिफ्टला जायचं कारण सांगितलं, आणि मी त्याला आग्रह केला नाही.

मी मोजले. बरगडीचे पंधरा, कमरेचे सहा. एकूण एकवीस. चूक व्हायला आता कुठली कड कशावर चढलेली नव्हती. वहीत नोंद केली: नर, वय साडेसहा महिने, वजन एकशेदहा. माझ्या प्रबंधातली ही सगळ्यात खात्रीची ओळ आहे. गाईड ती पाहून परवा म्हणाले, "हे उत्तम काम झालं."

संध्याकाळची माझी गाडी होती. विमलताईनं जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाकारलं. इकडे रीत अशी की जनावर खाटकाकडे गेलं की कण्याचा एक तुकडा पाळणाऱ्याच्या घरी परत येतो. तो आला होता. तिनं चुलीवर रस्सा केला होता, मसाला अंमळ जास्त, कारण नराचं मटण उग्र लागतं. मी डुकराचं कधी खाल्लं नव्हतं, आणि हे वाचून माझी बायको काय म्हणेल ते मला माहीत आहे. पण नको म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

"तुम्ही बसा की," मी म्हणालो.

"आज सोमवार हाय माजा," ती म्हणाली आणि ताट माझ्यापुढे सरकवून समोर बसली.

रश्शातल्या तुकड्यात एक अख्खा मणका होता. मी भाकरी मोडली. विमलताई ताटाकडे बघत होती.

"सर, ह्यो कितवा?"

मला वाटलं ती चिडवतेय. मान वर करून पाहिलं. ती चिडवत नव्हती. मी तुकडा उचलून पुसला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. दोन्ही बाजूंना बरगडी बसायची खाच होती आणि मागची बाजू कमरेच्या मणक्यासारखी.

"पंधरावा," मी म्हणालो. "बरगडीचा शेवटचा."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी आणायला उठली.